कालवांचा रकाना

मार्गशीर्ष लागला की आमच्या खाडीचं पाणी निवळतं. गेल्या वर्षीपर्यंत हे माझे वर्षातले सगळ्यात सुखाचे दिवस होते. भात घरात आलेलं, उन्हात जीव नाही, सकाळी चुलीपुढून उठवत नाही अशी थंडी, आणि सुकती लागून खाडीचं पाणी उतरलं की परसापर्यंत येणारा तो वास. ओल्या चिखलाचा, शेवाळाचा, तिवरांच्या कुजलेल्या पानांचा. नवख्या माणसाला तो नकोसा होतो. लग्न होऊन आले तेव्हा मीही नाकाला पदर लावला होता आणि सासूबाई हसल्या होत्या. पुढे त्या वासानं तोंडाला पाणी सुटायला लागलं, कारण त्याच्या मागोमाग कालवं येतात.

यंदा तोच वास आला आणि नकोसा झाला. हातातलं पातेलं तसंच धरून मी परसात उभी राहिले. खाली खडक उघडे पडत होते. आमच्याकडे अजून कागद आलेला नाही.

कुठला कागद, ते सांगते. पण मी मुळात काळजी करणारी बाई आहे. गॅस बंद केला का हे बघायला अर्ध्या वाटेवरून परत येणारी. नवरा बोटीवर, वर्षातले आठ महिने पाण्यावर, तो म्हणतो की आमच्या घरात वादळाचा अंदाज वेधशाळेच्या आधी तू देतेस. तेव्हा सांगताना मागेपुढे होईल.

आमची वाडी पूर्णगडच्या खाडीत, समुद्रापासून जरा आतल्या अंगाला आहे. वर कातळ, मध्ये घरं आणि आंब्याची कलमं, खाली तिवरांची दाटी आणि त्यांच्यापुढे खडकांची एक लांब रांग. भरतीला ही रांग दिसतसुद्धा नाही. अमावास्या-पुनवेनंतरचे चार-पाच दिवस सकाळची सुकती खोल जाते, तेव्हा ती वर येते आणि वाडीतल्या आठ-दहा बायका पाट्या घेऊन उतरतात. कालवं म्हणजे खडकाला घट्ट चिकटलेले शिंपले. बोटांना चिंध्या गुंडाळायच्या, लहान कोयतीनं नेमका घाव घालायचा, वरचं कवच उडवायचं आणि आतला मऊ गोळा भांड्यात टाकायचा. घाव चुकला तर कवचाची धार बोट कापते. आमच्या वाडीत ज्यांचे हात कापलेले आहेत त्या सगळ्या एका शाळेत शिकलेल्या.

त्या शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणजे भागीकाकी. शेजारच्या घरातल्या. नवरा गेल्याला पुष्कळ वर्षं झाली. दोन मुलांना त्यांनी कालवांवर वाढवलं आणि मुंबईला लावलं. आता पासष्टीच्या पुढे असतील, पण खडकावर चालताना त्यांचा पाय माझ्यापेक्षा खात्रीचा.

लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात मी त्यांचं नुकसान केलं होतं. सकाळी पाटी घेऊन निघालेल्या दिसल्या म्हणून मी आपली लाघवीपणानं विचारलं, "कुठे निघालात, काकी?" काकी थांबल्या. उलट्या फिरल्या, पाटी पडवीत ठेवली, घोटभर पाणी प्यायल्या, जरा टेकल्या आणि मग पुन्हा निघाल्या. माझ्याकडे बघितलंही नाही. दुपारी मात्र घरी येऊन त्यांनी माझा कान धरला.

"अगो, खाडीवर जाणाऱ्या बाईला विचारू नये. आणि विचारलंस तर ती सांगणार नाय. कोण जातंय, कोणी नाय, असंच म्हणणार. पाण्यावर जायच्या आधी पाण्याचं नाव घेतलं तर पाटी भरत नाय."

"मग भरली का?"

"निम्मीच भरली. रिकामी राहिली ती तुझी निम्मी." आणि वाटीभर कालवं माझ्यापुढे ठेवून गेल्या.

दुसरा एक रिवाज मला उशिरा कळला, कारण आमच्या घराला खडकावर जागा नाही. प्रत्येकीची खडकावरची जागा ठरलेली असते आणि ती बोलून दाखवायची नसते. सासूच्या गुडघ्यांनी दगा दिला की ती सुनेला एकदाच खाली नेते, त्या खडकावर हात ठेवते आणि वर येते. झालं. खडकांना नावं आहेत, ती घरातल्या घरात. काकींनी आपली जागा त्यांच्या सुनेलाही दाखवली नव्हती, कारण सून डोंबिवलीला. पाटीभर कालवं घेऊन त्या सगळ्यांच्या शेवटी वर यायच्या. यावरून जागा लांब असावी एवढाच आमचा अंदाज.

गेल्या वर्षी दसऱ्यानंतर गावात निसर्ग पर्यटनाची हवा आली. गणपतीपुळ्याला गाड्या उभ्या करायला जागा उरली नाही, माणसं आता शांत जागा शोधतात, तुमच्याकडे तिवरं आहेत, पक्षी आहेत, सरकारच्या नियमात बसवून क्षेत्र जाहीर करून घ्या, असं कुणीतरी सरपंचांच्या कानावर घातलं. सरपंच म्हणजे आमचे बाळादादा, उत्साहाचं पिंप. ग्रामसभा भरली. मागून एक म्हातारे म्हणाले, "बगळे बघायला माणसं येणार? आमच्या गोठ्यात रोज येतात, आम्ही कधी तिकीट लावलं नाय." सगळे हसले आणि ठराव झाला. समिती झाली. अक्षर चांगलं म्हणून सचिव मी. तिवरांना कागदावर कांदळवन म्हणतात हे मला त्या दिवशी कळलं. वीस वर्षं ज्या झाडांवर फडकी वाळत घातली त्यांना इतकं भारदस्त नाव आहे हे कळल्यावर जरा ओशाळल्यासारखं झालं.

मला ते काम आवडलं, हे कबूल करते. फायली, मुद्दे, टाचण्या. होड्या किती, माणसं किती, प्लास्टिक कुठे अडवायचं, भोंगा वाजवायचा नाही, लाकडी पायवाट तिवरांच्या मुळांना न लागता कशी न्यायची. माझ्या घराच्या दोन खोल्या पाहुण्यांसाठी काढायचं मनात होतं. नवरा कायमचा घरी येईल, मासळीचं जेवण करू, लोक सकाळी परसातून खंड्या बघतील. असं सगळं मी मनात रंगवून ठेवलं होतं. एका नियमाप्रमाणे आराखड्यात तीन रंग द्यायचे होते. हिरवा पाहुण्यांसाठी, पिवळा गावकऱ्यांच्या वापरासाठी, आणि लाल म्हणजे जिथे कुणीच जायचं नाही, पक्ष्यांसाठी आणि माशांच्या पिल्लांसाठी राखून ठेवायचा. नियम चांगलाच होता. अजूनही मला तो चांगलाच वाटतो.

मग ती सकाळ आली. मार्गशीर्षातली, अमावास्येनंतरची तीज. पाहणीसाठी तालुक्याहून एक तरुण मॅडम आल्या. गोड मुलगी, टोपी घातलेली, चिखलात बूट बुडाले तरी कुरकुर नाही. देवळासमोर बायकांना गोळा केलं होतं. बायका आल्या खऱ्या, पण सगळ्यांचं लक्ष खाडीकडे. पाणी उतरत होतं. देवळाच्या मागच्या भिंतीला लावून ठेवलेल्या पाट्या मला माझ्या जागेवरून दिसत होत्या. कोयत्या, चिंध्या, सगळं तयार.

मॅडमनी हसून विचारलं, "त्या पुढच्या खडकांवर कुणी जातं का? काही गोळा करायला वगैरे?"

एकीनं पदर सारखा केला. मग भागीकाकी म्हणाल्या, "कोण जातंय? कोणी नाय."

बाकीच्यांनी माना हलवल्या. मॅडमनी माझ्याकडे बघितलं. माझ्या हातात प्रपत्र होतं. रकाना होता, स्थानिकांचा पारंपरिक वापर.

इथे मला माझ्या वडिलांविषयी सांगायला हवं. खेडच्या एसटी डेपोत ते कारकून होते. जगबुडी नदीला पूर आला की डेपोतल्या फायली आमच्या माळ्यावर येत. मला अक्षराचं वळण त्यांनीच लावलं. त्यांचा एक नियम होता, रकाना रिकामा ठेवायचा नाही. रिकामा ठेवलास तर मागाहून कोणीही काहीही भरेल. सांगण्यासारखं नसेल तिथे निरंक लिही आणि सही कर. तो शब्द मला लहानपणी फार आवडायचा. स्वच्छ वाटायचा.

मी निरंक लिहिलं.

त्या वेळी मनात काय आलं हे मी हजार वेळा आठवून बघितलंय. काकी खोटं बोलतायत हे मला ठाऊक होतं. का बोलतायत तेही ठाऊक होतं. उत्तर मॅडमना नव्हतंच, ते पाण्याला होतं. पण मॅडमसमोर त्यांना खोटं कसं पाडू, मागाहून दुरुस्त करू, असं वाटलं. आणि आणखी एक होतं, ते सांगायला जीभ रेटत नाही. मानवी वापर नाही म्हटलं की प्रस्ताव उजळतो, असं बाळादादा आदल्या दिवशीच म्हणाले होते. मला तो उजळायला हवा होता.

मॅडम गेल्या. बायका पाट्या उचलून धावत सुटल्या, कारण पाणी फिरायला आलं होतं. संध्याकाळी काकींनी मला नेहमीसारखी वाटी आणून दिली. त्या दिवसाची कालवं मी कांदा-खोबरं लावून सुकी केली, तांदळाच्या भाकरीबरोबर खाल्ली, आणि ती फार चांगली झाली होती हे मला अजून आठवतं. लाज वाटते ती त्याचीच.

मागाहून करू ते राहिलंच. प्रस्ताव गेला. होड्या आल्या, नारिंगी जाकिटं देवळाच्या कुंपणावर वाळत पडू लागली. माघात मसुदा आला. नकाशा पंचायतीच्या भिंतीवर लागला, खाली लिहिलेलं, हरकती व सूचना तीस दिवसांच्या आत. गावकरी येऊन आपापलं घर शोधत आणि खूश होऊन जात. मी लांबूनच बघितलं. खाडीपलीकडची तिवरांची बेटं लाल होती, आणि खडकांची ती रांगही सबंध लाल. कुंकवाची डबी सांडावी तशी.

काकींना वाचता येत नाही, पण खाडी ओळखायला वाचता यावं लागत नाही. त्यांनी बोटानं पाण्याची वळणं चाचपली आणि बोट लालवर येऊन थांबलं.

"हा रंग कसला गो?"

मी सांगितलं. कुणी जायचं नाही असा.

"म्हणजे आमीपण?"

"तुम्हीपण."

काकी ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नकाशाकडेच बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "तू होतीस ना तिथं. तुला तर म्हायती होतं."

तुला तर म्हायती होतं. हे वाक्य घेऊन मी दोन आठवडे फिरले. भात करपला, बाजारातून पिशवी विसरून आले, शिकायला बाहेरगावी असलेल्या मुलाला फोनवर भलतंच उत्तर दिलं. काकींच्या घरची वाटी यायची थांबली. त्या आजही मला टाकून बोलल्या नाहीत, पण माझ्या डोळ्यांत बघायचं त्यांनी सोडलं, आणि आमच्या दोन घरांमध्ये कुंपण नाही, त्यामुळे ते दिवसातून दहा वेळा कळायचं.

मी हरकत लिहायला बसले. स्वतःच्या अर्जावर स्वतःची हरकत. बाळादादा आले, खुर्चीच्या टोकावर बसले.

"वयनी, असं करू नका. खोटी माहिती दिली म्हणून अख्खा प्रस्ताव परत जाईल. पोरांनी होड्या घेतल्यात. लोक मला धरतील आणि तुम्हालापण."

"खडक गेले तर बायका कुणाला धरणार?"

"बायकांचं बघू की मागाहून."

मागाहून. माझाच शब्द त्यांच्या तोंडून आला आणि मी अर्ज पुरा केला.

सुनावणी फाल्गुनात, आमच्याच पंचायतीच्या खोलीत ठेवली. तारीख बघून मी पंचांग काढलं आणि कपाळाला हात लावला. पुनवेनंतरची तीज, सकाळी नऊ. ऐन सुकतीची वेळ. म्हणजे त्या सकाळी बायका पुन्हा बोलणार नाहीत.

सुनावणी घ्यायला तालुक्याहून आलेले साहेब वयस्क होते, शांत. त्यांनी माझं जुनं प्रपत्र आणि नवा अर्ज शेजारी शेजारी ठेवले.

"अक्षर एकच दिसतंय."

"माझंच आहे, साहेब. आधीचं चुकलं."

त्यांनी चष्म्यावरून बघितलं. मग म्हणाले, "वापर होता हे मान्य करायला माझी ना नाही. पण सगळा लाल भाग पिवळा करता येणार नाही, पक्ष्यांनाही जागा हवी. नेमक्या जागा दाखवा. त्या जागा आणि तिथवरची वाट एवढं पिवळं करण्याची शिफारस करतो. कुणीतरी नकाशावर बोट ठेवून जबाब द्यायला हवा."

खोलीत आठ बायका. खिडकीतून खाडीचा वास येत होता, खडक उघडे पडल्याचा. मी एकेकीकडे बघत होते आणि त्या जमिनीकडे. मला त्यांचा राग आला, खरंच आला. बोला की, एकदा बोला, असं ओरडावंसं वाटलं. आणि लगेच कळलं की मी मागतेय ते त्यांच्या सासवांनीसुद्धा त्यांच्याकडे मागितलं नव्हतं.

भागीकाकी उठल्या. नकाशापाशी गेल्या. बोट आमच्या वाडीवरून निघालं, तिवरांच्या कडेनं, रांगेच्या या टोकापासून पुढे सरकत गेलं, गेलं, आणि पार शेवटच्या खडकावर, जिथून पुढे नुसतं पाणी, तिथे टेकलं.

"घागरीचा खडक," त्या म्हणाल्या. "माझा. माझ्या सासूचा. तिच्या सासूचा."

साहेबांनी लिहून घेतलं. "आणि इतरांच्या?"

"त्यांना इचारू नका," काकी म्हणाल्या. "माझी जागा सगळ्यात लांब. माझ्यापर्यंत वाट दिलीत की सगळ्या वाटेतच आल्या."

साहेबांनी पेन्सिलीनं वाडीपासून घागरीच्या खडकापर्यंत एक पट्टा आखला. रांग सगळी त्या पट्ट्यात आली. पलीकडची बेटं लालच राहिली. कुणाचं नाव घ्यावं लागलं नाही, एक सोडून. काकींनी जबाबाखाली अंगठा उठवला. मी खाली साक्षीदार म्हणून सही केली.

बाहेर आल्यावर बायका धावल्या, अजून थोडं पाणी उतरलेलं होतं. काकी पायरीवर बसून राहिल्या. मी म्हटलं, "काकी, तुम्ही नाही?"

"आता कशाला? बोललेल्या जागेवर हात चालत नाय."

मला वाटलं, आजच्यापुरतं म्हणतायत. दुसऱ्या दिवशीही त्या गेल्या नाहीत. चैत्रात गेल्या नाहीत. कोयती त्यांनी शेजारणीच्या सुनेला देऊन टाकली तेव्हा मला कळलं, आणि मी मोरीत जाऊन रडले. दुसरी एखादी जागा धरा, असं कुणीतरी त्यांना सुचवलं, तर म्हणाल्या, दुसऱ्याच्या जागेवर मी बसू? हा विषय तिथे संपला.

आणि इतकं होऊन आदेश अजून आलेला नाही. यथावकाश कळवण्यात येईल, असं कागदावर आहे. तोवर आहे ते चालू द्या, असं साहेब म्हणाले होते, पण ते तोंडी. तोंडी शब्दाला तालुक्यात किती वजन असतं हे कारकुनाच्या मुलीला सांगायला नको. साहेबांची बदली झाली असेल तर? पेन्सिलीचा पट्टा कुणी पुसला तर? प्रत्येक जीपचा आवाज मला आदेशाचा वाटतो. भिंतीवरच्या नकाशावर रांग अजून लालच आहे. बाळादादा भेटले की म्हणतात, येईल हो वयनी, चांगलंच येईल. पोरांच्या होड्याही ताडपत्रीखाली थांबल्यात, तरी दादा मला अजून काही बोलले नाहीत, हे त्यांचं मोठेपण.

क्षेत्र जाहीर झालं नसलं तरी पाहुणे यायला लागलेत. कालच पुण्याचं एक जोडपं आलं, गणपतीपुळ्याला खोली मिळाली नाही म्हणून. आज सकाळी मी त्यांना पडवीत चहा दिला. काकी त्यांच्या अंगणात तांदूळ निवडत होत्या, हल्ली सुकतीच्या वेळी त्या काहीतरी निवडतच असतात. आज तीज. खाली तिवरांच्या कडेनं पाट्या घेऊन बायका निघाल्या होत्या, एकामागून एक, डोक्याला फडकी बांधलेल्या. यंदा थोड्या घाबरत, मागे वळून बघत.

पाहुण्याबाईंनी कप खाली ठेवला आणि बोट दाखवलं. "त्या कोण हो? इतक्या सकाळी कुठे चालल्यात?"

काकींचा हात सुपात थांबला.

कागदावर त्या आता आहेत. माझ्या अक्षरात, काकींच्या अंगठ्यासकट. तिथे काय लिहून येतं ते माझ्या हातात नाही. माझ्या हातात फक्त आजची पाटी होती.

"कोण जातंय?" मी म्हटलं. "कोणी नाही."

बाई गोंधळून माझ्याकडे बघत राहिल्या. मी काकींकडे बघितलं. त्यांनी सूप खाली ठेवलं होतं, आणि कितीतरी महिन्यांनी त्या सरळ माझ्या डोळ्यांत बघत होत्या.